धर्मादाय संस्था आणि बाळंतपणाचे देणे

धर्मादाय संस्थेत पगारावर काम करणारी स्त्री बाळंतपणाच्या रजेवर जाते, तेव्हा तिच्या त्या काळातील वेतनाचा प्रश्न दोन पातळ्यांवर उभा राहतो. एक पातळी कायद्याची आहे आणि तिथले उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. दुसरी पातळी धर्मविचाराची आणि नीतीची आहे. तिथे मात्र अनेक प्रामाणिक माणसेही अडखळतात. संस्थेकडचा पैसा नफ्यातून आलेला नसतो. कुणीतरी तो गरिबांसाठी, रुग्णांसाठी, अनाथांसाठी दिलेला असतो. त्या पैशातून घरी असलेल्या कर्मचारी स्त्रीला सहा महिने पगार द्यावा का? सेवेच्या कामात उतरलेल्या माणसाने असा हिशेब मागावा का? आणि संस्थेने वेतन दिलेच, तर ते तिचे औदार्य मानायचे की कर्तव्य? या प्रश्नांची उत्तरे दान आणि देणे यांतला फरक नीट समजला की मिळतात. दान देणाऱ्याच्या इच्छेवर चालते, देणे घेणाऱ्याच्या हक्कावर उभे असते. बाळंतपणाचे वेतन हे देणे आहे, आणि जिचे सारे अस्तित्वच परोपकारासाठी आहे अशा संस्थेवर ते इतरांपेक्षा कमी नव्हे, अधिकच बंधनकारक आहे.

कायद्याची चौकट

संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदाने कामाची न्याय्य व मानवी परिस्थिती आणि प्रसूतीसाठी साहाय्य यांची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने तिला प्रत्यक्ष रूप दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला हा लाभ मिळतो. रजेच्या काळात तिला कामावरून काढता येत नाही.

दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आस्थापनांना हा नियम लागू आहे. आस्थापना नफा कमावते की नाही, यावर तो लागू होणे अवलंबून नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात तर नोंदणीकृत सोसायटी आणि धर्मादाय न्यास यांचा, त्यांचे काम नफ्यासाठी असो वा नसो, व्याख्येतच समावेश केलेला आहे.

धर्मादाय संस्था ही मालक ठरते का, या मूळ प्रश्नाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बेंगळुरू पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात केला. तो खटला औद्योगिक विवाद कायद्याखालचा होता; पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिथे केलेले वर्गीकरण नीतीच्या चर्चेलाही उपयोगी आहे. पहिल्या वर्गात, व्यवसाय करून त्याचा नफा धर्मादायाकडे वळवणाऱ्या संस्था येतात. दुसऱ्या वर्गातल्या संस्था गरिबांना विनामूल्य किंवा नाममात्र मोबदल्यात सेवा देतात, पण ती सेवा पगारी माणसांकडून करून घेतात. तिसऱ्या वर्गात, ध्येयाने प्रेरित होऊन स्वखुशीने राबणाऱ्यांच्या संस्था येतात. पहिल्या दोन वर्गांतल्या संस्था कामगारांच्या दृष्टीने मालकच आहेत, असे न्यायालयाने मानले. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. संस्था ज्यांची सेवा करते त्यांच्याशी तिचे नाते परोपकाराचे असेल; ज्यांच्याकडून ती सेवा करून घेते त्यांच्याशी तिचे नाते कामाचे आणि मोबदल्याचे असते. एका नात्यातल्या पुण्याने दुसऱ्या नात्यातली जबाबदारी फिटत नाही.

रोजंदारीवरच्या आणि कंत्राटी स्त्रियांचा हक्कही न्यायालयांनी मान्य केला आहे. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांना प्रसूती लाभ नाकारता येणार नाही, हा निकाल २००० सालचा. कंत्राटाची मुदत रजेच्या मध्येच संपली तरी उरलेला लाभ द्यावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट केले. स्वयंसेवी क्षेत्रासाठी हा निर्णय फार महत्त्वाचा आहे, कारण तिथल्या बहुतेक नेमणुका प्रकल्पाच्या मुदतीशी बांधलेल्या असतात.

तरीही मोठी पोकळी उरते. दहापेक्षा कमी माणसांच्या छोट्या संस्था कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना पगाराऐवजी मानधन दिले जाते आणि त्या कर्मचारी नाहीत असे सांगितले जाते. ज्या स्त्रिया रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गावी, ठरलेले काम करून अहवाल देतात, त्यांना मिळणाऱ्या रकमेचे नाव बदलल्याने कामाचे स्वरूप बदलत नाही. अंगणवाडी सेविकांच्या उपदानाच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे मानधन हे वेतनच मानले, ते याच विचाराने. कायदा जिथे थांबतो तिथून पुढचा निर्णय संस्थेच्या विवेकावर सोपवला जातो, म्हणून धर्मविचाराकडे वळणे भाग आहे.

सेवाव्रत कोणाचे?

न्याय्य वेतनाविरुद्धचा सर्वांत उदात्त वाटणारा युक्तिवाद सेवाभावाचा आहे. सार्वजनिक कामात पडणाऱ्याने मोबदल्याकडे पाहू नये, ही भावना महाराष्ट्रात खोल रुजलेली आहे आणि तिच्यामागे थोर माणसांचे आयुष्य आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य मोठ्या पगाराच्या सरकारी नोकऱ्या सोडून थोड्या वेतनावर शिकवत राहिले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा प्रत्येक सदस्याला सात शपथा घ्याव्या लागत. समाज जी तरतूद करील तीत समाधान मानायचे आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, अशी त्यांतील एक शपथ होती.

हा आदर्श बाळंतपणाच्या वेतनाविरुद्ध उभा करण्यापूर्वी त्याचे दोन घटक पाहिले पाहिजेत. पहिला असा की, व्रत हे घेणाऱ्याचे असते. गोखल्यांच्या समाजातल्या सदस्याने आयुष्यभराचा निर्णय विचारपूर्वक, जाहीरपणे आणि स्वतःहून घेतलेला होता. नोकरीची गरज म्हणून संस्थेत आलेल्या स्वयंपाकीण, परिचारिका, हिशेबनीस किंवा क्षेत्र कार्यकर्ती यांनी असे कोणतेही व्रत घेतलेले नसते. संस्थापकाचा त्याग त्यांच्या पगारातून वसूल करणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने व्रत घेण्यासारखे आहे. दुसरा घटक असा की, त्या समाजाच्या नियमांत सदस्यांच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी भत्त्याची सोय होती. गरिबीचे व्रत घेणाऱ्याच्या मुलाबाळांची काळजी संस्थेने वाहायची, हे गृहीत धरूनच त्या त्यागाची रचना झाली होती. सदस्य पुरुष होते. त्यांची घरे आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांचे श्रम कोणत्याही हिशेबात आले नाहीत, तरी ते नसते तर तो त्याग शक्यच झाला नसता. आज सेवाक्षेत्रात जी स्त्री काम करते तिच्या बाबतीत कामावर जाणारी आणि मूल वाढवणारी व्यक्ती एकच असते. तिच्याकडून जुन्या व्रताची अपेक्षा धरायची आणि त्या व्रताला आधार देणारी तरतूद मात्र काढून घ्यायची, हे आदर्शाचे अर्धेच पालन होईल.

निष्काम कर्माचा आधारही असाच तपासावा लागतो. गीतेतील उपदेश कर्म करणाऱ्याला आहे: त्याने फळाची आसक्ती धरू नये. कर्म करवून घेणाऱ्याला करणाऱ्याचे फळ रोखून धरण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. साधकाच्या अंतःकरणाची शुद्धी आणि मालकाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनासक्त राहण्याचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. मालकाने तो कर्मचाऱ्यावर लादला की त्याला आध्यात्मिक अर्थ राहत नाही, फक्त आर्थिक अर्थ उरतो.

दात्याचा पैसा आणि विश्वस्ताचे कर्तव्य

दुसरा युक्तिवाद निधीच्या हेतूचा आहे. विश्वस्त हा पैशाचा मालक नसतो. दात्याने ज्या कामासाठी पैसा दिला, त्याच कामावर तो खर्च करणे हे त्याचे कर्तव्य आहे. कुपोषित मुलांच्या आहारासाठी आलेली देणगी रजेवरच्या कर्मचाऱ्यावर खर्च झाली, तर मुलांच्या ताटातला घास गेला, असे मनाला वाटते. ही टोचणी प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

आहार मुलांपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो आणणारी, शिजवणारी, मुलांची वजने घेणारी, घरोघर जाऊन आयांशी बोलणारी माणसे लागतात. माणसांकडून काम घ्यायचे तर ती आजारी पडतील, म्हातारी होतील आणि त्यांच्यातल्या काही बाळंत होतील, हे त्या कामातच अंतर्भूत आहे. माणूस माणसासारखा जगत राहील एवढा खर्च हा सेवेच्या खर्चाचाच भाग आहे. जो दाता सेवा व्हावी अशी इच्छा धरतो, त्याने ती करणाऱ्यांच्या न्याय्य निर्वाहाचीही इच्छा धरलेली असते; तसे नसेल तर त्याला सेवा तिच्या खऱ्या किमतीपेक्षा कमीत हवी आहे आणि उरलेली किंमत कर्मचाऱ्याने भरावी असे त्याचे म्हणणे होते. अशा व्यवहारात सर्वांत मोठी देणगी त्या कर्मचाऱ्याची असते, आणि तीही तिला न विचारता घेतलेली.

भारतीय स्मृतिविचाराने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, स्त्रिया आणि शूद्र यांच्यावरील अन्यायाला जिने शास्त्राचा आधार दिला, त्या ग्रंथालाही हे नाकारता आले नाही. आपली माणसे हालात असताना परक्यांना दान करणारा धर्माची केवळ नक्कल करतो आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांना पीडा देऊन केलेले परलोकाचे कृत्य शेवटी दुःखच देते, असा आशय तिच्या अकराव्या अध्यायात आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात कान्टने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात परोपकाराच्या कर्तव्यात कर्त्याला काही मोकळीक दिली: कोणाला, किती, केव्हा हे तो ठरवू शकतो. न्यायाच्या कर्तव्यात मात्र अशी मोकळीक नाही. समाजातल्या अन्यायामुळे श्रीमंत झालेल्या माणसाने केलेल्या मदतीला परोपकार म्हणावे का, अशी शंकाही त्याने तिथेच उपस्थित केली. हा क्रम धर्मादाय संस्थेला लावला तर निष्कर्ष एकच निघतो. आधी देणे फेडावे, मग दान करावे. कर्मचाऱ्याचे देणे थकवून केलेले दान संस्थेचे राहत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रातल्या संस्थांच्या बाबतीत या विचाराला आणखी धार येते. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि अनेक संस्था गावोगाव तेच सांगतात. कायद्यातले २६ आठवडे म्हणजे जवळजवळ तेवढाच काळ. जी कार्यकर्ती हा संदेश घेऊन फिरते तिला स्वतःच्या बाळासाठी तेवढा काळ मिळत नसेल, तर संस्था आपल्याच शिकवणुकीच्या सत्यतेवर अविश्वास दाखवते.

धर्मपरंपरा काय सांगतात?

मजुरीबद्दल निरनिराळ्या धर्मपरंपरांमध्ये विलक्षण एकमत आहे. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेला समान असलेल्या लेवीय पुस्तकात मजुराची मजुरी रात्रभरही अडवून ठेवू नये अशी आज्ञा आहे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी द्यावी, असे पैगंबरांचे वचन इस्लामी परंपरेत सांगितले जाते. पाली साहित्यातील सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी धन्याची नोकरांविषयीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्ती पाहून काम सोपवणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, गोडधोड वाटून खाणे आणि वेळोवेळी रजा देणे. काम करणाऱ्याचे शरीर थकते, त्याला विश्रांतीचा अधिकार आहे आणि त्या काळात धन्याचे कर्तव्य थांबत नाही, हे तिथे गृहस्थाच्या नित्यधर्मात बसवलेले आहे.

बाराव्या शतकातील यहुदी विचारवंत मायमोनिडीस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतली सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजूला काम किंवा भागीदारी देऊन त्याच्यावर हात पसरण्याची वेळच येऊ न देणे. या दृष्टीने एखाद्या स्त्रीला रोजगार देणे हे संस्थेचे श्रेष्ठ दान ठरते, आणि बाळंतपणात तिला बिनपगारी घरी बसवणे म्हणजे ते दान हातचे काढून घेणे ठरते. रोमन कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीत १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाने न्याय्य वेतनाचा पाया घातला. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘लाबोरेम एक्सेर्सेन्स’मध्ये कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेसे वेतन आणि आईच्या कार्याची सामाजिक दखल यांचा आग्रह धरला.

वैदिक परंपरेतील तीन ऋणांची कल्पनाही इथे आठवते. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, आणि पितृऋण संततीने फिटते, असे ती सांगते. मूल जन्माला येणे ही केवळ आईबापांची खासगी बाब नाही, तीत मागच्या आणि पुढच्या पिढ्यांचा वाटा आहे, हे तिच्यातले सत्य. तिची उणीव अशी की, ऋण पुरुषाच्या नावावर लिहिले गेले आणि ते फेडण्याचे कष्ट स्त्रीच्या शरीराने सोसले. बाळंतपणाच्या वेतनाचा विचार ही उणीव भरून काढतो. ज्या जन्माचा लाभ सर्व समाजाला होतो त्याचा भार एकट्या आईवर राहू नये, एवढेच तो मागतो.

न्याय्य म्हणजे किती आणि कोणी?

कर्तव्य मान्य केल्यावर त्याचे माप ठरवावे लागते. न्याय्य व्यवस्थेला चार अटी पाळाव्या लागतात. रजेत वेतन पूर्ण मिळावे, कारण या काळात घरचा खर्च वाढतो. नोकरी, ज्येष्ठता आणि वेतनवाढ यांना धक्का लागू नये. संचालिका आणि सफाई कामगार यांना एकच नियम असावा. माप पदावर ठरले तर ती सवलत होते, हक्क राहत नाही. आणि रजेवर गेलेल्या स्त्रीचे काम मुकाट्याने सहकाऱ्यांच्या डोक्यावर टाकले जाऊ नये, त्यासाठी बदली माणसाचा खर्च आधीच धरलेला असावा.

छोट्या संस्थेची अडचण मात्र खरी आहे. समान पगाराच्या दहा माणसांच्या संस्थेत एका कर्मचाऱ्याची सहा महिन्यांची भरपगारी रजा म्हणजे त्या वर्षीच्या एकूण पगारखर्चाचा विसावा हिस्सा. बदली माणूस घेतला तर तेवढीच रक्कम पुन्हा लागते. ज्या संस्थेचा सारा पैसा विशिष्ट कामांसाठी बांधलेला आहे तिला हा भार एकदम पेलणे कठीण जाते. त्यातून तरुण विवाहित स्त्रियांना नोकरीच न देण्याचा मोह होतो, आणि हक्क देणारा नियमच संधी हिरावतो. या धोक्यावर उपाय हक्क आकुंचित करण्यात नाही, भार वाटून घेण्यात आहे.

हा विचार महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे सांगितले. लोककल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी असल्याने या भाराचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. पण स्त्रियांच्या श्रमातून ज्याला लाभ होतो तो मालक त्यातून पूर्ण सुटू शकत नाही, असेही बजावले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारातही लाभाचा खर्च शक्यतो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये, असे तत्त्व आहे. भारताने त्या कराराला अनुसमर्थन दिलेले नाही. भारतीय कायदा आजही पूर्ण भार मालकावर टाकतो. अपवाद कर्मचारी राज्य विमा योजनेचा: ती जिथे लागू आहे तिथे २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के वर्गणी भरतात आणि प्रसूती काळातील रक्कम विमा निधीतून मिळते. ज्यांना कोणताच कायदेशीर लाभ नाही, त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांची मदत आहे. सहा महिन्यांच्या वेतनाशी तिची तुलना होऊ शकत नाही.

भाराचे वाटप यावरून ठरते. संस्थेने दरवर्षी पगारखर्चाचा छोटा हिस्सा प्रसूती निधी म्हणून बाजूला ठेवावा, म्हणजे एखाद्या वर्षी एकदम ओझे पडणार नाही. लहान संस्थांनी असा निधी एकत्र येऊन उभारावा. देणगीदारांनी, विशेषतः कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीने आणि मोठ्या प्रतिष्ठानांनी, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच या खर्चाला जागा द्यावी. परदेशी देणग्यांच्या बाबतीत २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. अशा काळात कमी खर्चाची संस्था म्हणजे चांगली संस्था हे माप देणगीदारांनी सोडले पाहिजे. सरकारने विम्याची कक्षा छोट्या धर्मादाय संस्थांपर्यंत आणि मानधनावरच्या कार्यकर्त्यांपर्यंत वाढवली पाहिजे.

या वाटपाची वाट पाहत संस्थेने स्वतःचा वाटा थांबवू नये. परोपकाराची सुरुवात आपल्याच छताखाली राबणाऱ्या माणसाचे देणे चुकते करण्यापासून होते. प्रत्येक विश्वस्त मंडळाने आपल्या पुढच्या अंदाजपत्रकात बाळंतपणाच्या वेतनाची ओळ लिहावी आणि ती दानाच्या नव्हे, देण्याच्या सदरात लिहावी.